पराभूतांची आगेकूच

‘क्रीडा व मनोरंजन व्यवस्थापन’ हे पदवीचे नाव त्या घरात कोणी कधी शेवटपर्यंत उच्चारले नाही. बाबा ‘क्रीडा’पाशी थांबत. आई ‘व्यवस्थापन’ एवढेच उचलून शेजारणीला सांगे. मधल्या ‘मनोरंजना’ची जबाबदारी थोरल्या बहिणीने आपण होऊन पत्करली होती. थोरली वकील; एका शब्दाच्या टोकाला धरून माणसाला उभे-आडवे घेण्याचा तिला सराव होता, आणि घरात तिला साक्षीदार आयता मिळाला होता.

“आज काय शिकवलं गं?” ती जेवताना विचारी. “लपंडाव की लंगडी?”

“सार्वजनिक जागांची वेळापत्रकं,” धाकटी ताटातून मान वर न करता सांगे.

“म्हणजे लपंडावात कुणावर कधी राज्य, ते.”

“तिला जेवू दे,” आई म्हणे. “उद्या तिची परीक्षा आहे.”

“कशाची? विश्रांतीची? मग रात्रभर जागू नकोस हं, नापास होशील.”

धाकटीही हसे, कारण विनोद बरा असे. बाबा तेवढे हसत नसत. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. समोरच्या माणसाला जवळचे दिसत नाही की लांबचे, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. पण पोटच्या मुलीच्या शिक्षणाला कोणते भिंग लावून पाहावे, हे त्यांना दोन वर्षे उमगले नव्हते.

“खेळाला व्यवस्थापन कशाला लागतं?” ते एकदा म्हणाले. “चेंडू टाकला की पोरं आपोआप धावतात.”

“पोरं धावतात, बाबा. मोठी माणसं धावत नाहीत.”

“मोठ्या माणसांना कामं असतात.”

यावर धाकटीकडे उत्तर होते, पण ते लांबलचक होते आणि बाबांना दुकान उघडायचे होते. तिची बरीचशी उत्तरे अशीच, ऐकणारा निघून गेल्यावर पूर्ण होत. शाळेत संघ पाडताना सगळ्यांत शेवटी जिला ‘बरं, तू इकडे ये’ म्हणतात, ती मुलगी ती होती. खेळणे तिला कधी जमले नाही. पण कोणी येण्यापूर्वीचे रिकामे सभागृह, जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघा, उंच खिडक्यांतून उतरून त्या रेघांवर शांतपणे पसरणारा प्रकाश, हे तिला वेड लावी. जिथे भिंतीला टेकून शेवटपर्यंत कोणी उभे राहणार नाही, अशी एक जागा आपण उभारावी, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती. ती एका वाक्यात मावत होती, म्हणूनच कदाचित तिने ती कोणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दुकानातला मदतनीस सोडून गेला आणि बाबांनी विषय काढला. चहाचा कप खाली ठेवून, भिंतीकडे पाहत. कठीण गोष्टी ते भिंतीकडे पाहूनच बोलत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला असायची त्यांना सवय होती.

“तुझा तो प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम आहे ना, तो बघायला मी येणार. त्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला दिसलं, तर शेवटचं वर्ष कर. नाही दिसलं, तर पुढच्या महिन्यापासून दुकानात बस. तिथेही माणसंच येतात.”

“आणि दिसलं की नाही, ते कोण ठरवणार?”

“डोळे माझे आहेत,” बाबा म्हणाले.

प्रात्यक्षिक म्हणजे स्पर्धा भरवणे. विद्यापीठातले जे कर्मचारी आणि आसपासचे जे रहिवासी क्रीडागृहाची पायरी एरवी चढत नाहीत, अशा सोळा जणांना टेबल टेनिस खेळायला आणायचे आणि सगळे सुरळीत पार पाडायचे. धाकटीने असा आराखडा लिहिला की विभागप्रमुख मॅडमनी तो दोनदा वाचला.

“सुरेख आहे,” मॅडम म्हणाल्या. “सभागृहाच्या शांततेवरचा परिच्छेद तर मी घरी वाचून दाखवला. पण बाळ, यात माणसं कुठे आहेत? सगळे क्रमांकच दिसतात.”

“चांगल्या व्यवस्थेत चेहरे लक्षात ठेवावे लागत नाहीत, मॅडम. क्रमांक पुरतात.”

“असं?” मॅडम म्हणाल्या, आणि ज्या आवाजात म्हणाल्या त्या आवाजाची थोरलीला लगेच शंका आली असती. धाकटीला आली नाही.

तिची व्यवस्था खरोखर देखणी होती. प्रत्येक खेळाडूला एक क्रमांकाचे कार्ड. सामना संपला की पंचाने दोघांची कार्डे तिच्या मेजावर आणून द्यायची, जिंकलेल्याचे वर, हरलेल्याचे खाली. मेजावर बुटांचे दोन रिकामे खोके. जिंकलेल्यांची कार्डे उजव्या खोक्यात, ते पुढची फेरी खेळणार; हरलेल्यांची डाव्या खोक्यात, ते पुढच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहणार. हरणाऱ्याने पुढच्या सामन्याची पंचगिरी करायची, ही त्या खेळातली जुनी आणि शहाणी रीत: हरलेला माणूस रुसून घरी जात नाही आणि पंचासाठी वेगळी माणसे शोधावी लागत नाहीत. पहिल्या फेरीला तेवढे वर्गमित्र पंच होणार होते.

कार्डे खोक्यांतून उचलून पुकारा करण्याचे काम तिने वर्गातल्या एका मित्राला दिले होते. त्याला सगळे ‘शिट्टी’ म्हणत, कारण ती सदैव त्याच्या गळ्यात असे. पण पुकारा करायला त्याला शिट्टीची गरज नव्हती. तो कानात बोलला तरी बाहेरच्या सायकली दचकत.

“उजवा खोका खेळणाऱ्यांचा, डावा पंचांचा,” धाकटीने त्याला बजावले. “लक्षात राहील?”

“उजवा खेळणार, डावा पंच. यात विसरण्यासारखं काय आहे?”

काहीच नव्हते. त्या सकाळी धाकटी मेजामागच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसली, कारण येणाऱ्यांचे स्वागत करायचे होते. शिट्टी मेजाच्या पलीकडच्या बाजूला, सभागृहाकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला ओरडायचे होते. दोघे समोरासमोर. मधे दोन खोके. जगातले कित्येक करार याहून चांगल्या मांडणीवर मोडले आहेत.

सोळावा खेळाडू आलाच नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या त्या. जिन्यात पाय मुरगळल्याचा निरोप आला. धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले. पंधरा ही संख्या तिच्या आराखड्यात कुठेच नव्हती. तेवढ्यात बाबा आले, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट आणि भिंग तपासतानाचा चेहरा घेऊन, आणि प्रेक्षकांच्या बाकाकडे निघाले.

“काका, टेबल टेनिस खेळता का?” शिट्टीने त्यांना वाटेतच गाठले.

“एके काळी खेळायचो.”

“एके काळी म्हणजे?”

“एके काळी म्हणजे एके काळी,” बाबा म्हणाले. “त्याला काय पावती लागते?”

कोणाचे तरी कॅनव्हासचे बूट मिळाले, एक बोट मोठे. बॅट मिळाली. बाबांनी ती उजेडाकडे धरून, तिरपी करून, आरपार दिसत नाही याबद्दल थोडी निराशा व्यक्त केली आणि सोळा क्रमांकाचे कार्ड खिशाला लावून घेतले. धाकटीला हसू आवरेना. परीक्षकच परीक्षेला बसला होता.

फेरी सुरू झाली. चार टेबले, आणि सभागृहभर तो पोकळ, हलका, टपटपता आवाज. मॅडम खुर्ची ओढून धाकटीच्या शेजारी बसल्या. तोंडी परीक्षा त्या अशीच घेत, काम चालू असताना. हात कामात असले की माणूस खोटे बोलत नाही, असे त्यांचे मत होते.

“ज्याला फावला वेळच नाही, त्याला मनोरंजन कसं पुरवशील?”

धाकटी उत्तर देत होती आणि कार्डे येत होती. वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे. मागे काय चालले आहे ते तिला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते, आणि कवितेसारखे ते ऐकूच यावे असे तिला वाटत होते. पहिली फेरी संपली. शिट्टीने खोक्यात हात घातला.

“क्रमांक सोळा! टेबल दोन!”

धाकटीचे वाक्य अर्ध्यावर तुटले. बाबा दुसऱ्या फेरीत! तिने मान वळवून पाहिले. बाबा वाकून टेबलाखालून चेंडू काढत होते. चेहरा लाल, पँटचा एक पाय मोज्यात खोचलेला. घरात पायपुसणे सरळ करायलाही न वाकणारा माणूस!

“तुझे वडील?” मॅडमनी विचारले.

“हो,” धाकटी म्हणाली. “एके काळी खेळायचे.” त्या ‘एके काळी’त तिने जी प्रतिष्ठा ओतली, ती ऐकून बाबा स्वतःच संकोचले असते.

थोड्या वेळाने पुन्हा पुकारा झाला. उपांत्य फेरी. क्रमांक सोळा, टेबल चार. आता मात्र तिचा आनंद गगनात मावेना. सोळा जणांतले चौघे उरले आणि त्यांत आपले बाबा! थोरलीला काय सांगायचे, त्याची वाक्ये ती मनात जुळवू लागली. बापात असा खेळाडू इतकी वर्षे दडून बसला होता आणि तो बाहेर काढायला आपला अभ्यासक्रम लागला. यापरता पुरावा कोणता?

जरा वेळाने मेजापुढे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या रोखपाल. जाळीच्या खिडकीमागे इतकी वर्षे बसून त्यांचे बोलणेही खिडकीतून येते तसे, कमी आणि मोजके झाले होते. बॅट त्यांनी पिशवीत घातली होती.

“मी निघते,” त्या म्हणाल्या.

“का? इतक्यात? थांबा ना.”

“थांबले असते. पण एक विचारू का? रागावू नका.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “सकाळी मी जिंकले. म्हणजे मला तरी तसं वाटलं. मी आयुष्यात कधी काही जिंकले नव्हते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पण मग मला पंच केलं. मी म्हटलं, असेल. आता तर नुसतंच बसवलंय. तर माझं जिंकण्यात काही चुकलं का?”

धाकटीने खोक्यांकडे पाहिले. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग समोर उभ्या शिट्टीच्या उजव्या हाताकडे पाहिले. तो हात तिच्या डाव्या खोक्यावर निवांत विसावला होता.

“शिट्टी,” ती अगदी हळू म्हणाली, “तू खेळणारे कुठून उचलतोयस?”

“उजव्यातून.”

“कुणाच्या उजव्यातून?”

शिट्टीने आपला हात पाहिला, तिचा पाहिला, खोके पाहिले. त्याच्या गळ्यातून जन्मात पहिल्यांदा बारीक आवाज निघाला.

“अरे देवा.”

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ते खरे नाही. जमीन तशीच राहते, माणूसच तिच्यावरून थोडा बाजूला होतो. धाकटी उठून सभागृहाकडे वळली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिने चेहरे पाहिले. बाकावर जिंकलेले आठ जण ओळीने बसले होते, बॅटा मांडीवर घेऊन, दंतवैद्याकडे बसतात तसे. त्यांत ग्रंथपाल होते, ज्यांना त्या आवारात कोणी हरवू शकत नसे. ते मान ताठ ठेवून, कोणाच्या तरी मयताला आल्यासारखे गंभीर बसले होते. आणि टेबलांवर, घामाघूम, हसत-खिदळत, जाळीत चेंडू मारत, त्या सकाळी दोन-दोनदा हरलेली चार माणसे स्पर्धेची उपांत्य फेरी खेळत होती.

एवढा वेळ कोणी बोलले कसे नाही? याचे उत्तर तिथल्या हवेतच होते. ते विद्यापीठ होते. तिथे काहीही विचित्र घडले की लोक ते नवे संशोधन समजत.

ती बाबांकडे गेली. बाबा सर्व्हिस करण्याच्या बेतात होते.

“बाबा, पहिला सामना तुम्ही जिंकलात?”

“कुठला? एकसुद्धा गुण मिळाला नाही,” बाबा आनंदाने म्हणाले.

“आणि दुसरा?”

“त्यात तीन मिळाले. प्रगती आहे.”

“मग तुम्हाला पुढे खेळायला बोलावलं, तेव्हा काही चमत्कारिक नाही वाटलं?”

“वाटलं ना. पहिल्यांदा वाटलं.” बाबांनी बॅट काखेत धरली आणि घाम पुसला. “मग मी विचार केला. ज्याला येतंय, त्याला खेळायची काय गरज? ज्याला येत नाही त्यालाच जास्त खेळायला मिळालं पाहिजे. दुकानात मी काय करतो? ज्याला दिसतं त्याला ‘जा’ म्हणतो, दिसत नाही त्याला ‘बसा’ म्हणतो. म्हटलं, हेच तर शिकतेय आपली पोरगी!” त्यांनी आवाज खाली आणला. “मघाशी तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, मी उपांत्य फेरीत आहे. आणि म्हटलं, धाकटीच्या शिक्षणात दम आहे. उगाच आपण अडवत होतो.”

टेबलाच्या पलीकडून रसायनशास्त्राचे प्राध्यापक, त्यांचे प्रतिस्पर्धी, अधीर झाले. “अहो, खेळायचंय ना? माझा हात गार पडतोय.”

“तुमचा गरम कधी होता?” बाबा म्हणाले.

मॅडमही उठून आल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या चौघांचा खेळ पाहत होत्या. “नीट बघितलं नव्हतं मी मघापासून,” त्या म्हणाल्या. “जे कधी खेळत नाहीत, त्यांनाच सगळ्यांत जास्त खेळायला मिळतंय. हे तू मुद्दाम केलंस?”

प्रश्न साधा होता आणि सोयीचे उत्तर एकाच अक्षराचे होते. ‘हो’ म्हटले की गुण, शेवटचे वर्ष, आणि बाबांच्या डोळ्यांतली ती आत्ताच लागलेली, नवी, स्वच्छ नजर. सगळे एका दमात पदरात. कोणी खोटे म्हणणार नव्हते. उलट बाबांनी तर सिद्धान्तही मांडून दिला होता, आयता, उदाहरणासकट. धाकटीला क्षणभर असे वाटले की कदाचित आपण हे खरेच मुद्दाम केले असेल, मनाच्या कुठल्यातरी अंधाऱ्या गाभ्यात. असे वाटणे फार सुखाचे असते, आणि कवी मंडळी त्यावर आयुष्य काढतात.

पण दारापाशी रोखपाल बाई पिशवी धरून अजून उभ्या होत्या. जिंकण्यात आपले काय चुकले, याचे उत्तर त्यांना मिळालेले नव्हते.

“नाही, मॅडम,” धाकटी म्हणाली. “मी चुकले.” आणि शिट्टीकडे वळून, “फुंक.”

शिट्टीने अशी फुंकली की दोन्ही टेबलांवरचे आणि मनांतले चेंडू थांबले. धाकटी खुर्चीवर चढली. आराखड्यात तिची वाक्ये लांब असत. इथे ती आखूड निघाली. पहिल्या फेरीपासून जिंकलेले बसवले गेले आणि हरलेले पुढे पाठवले गेले. उजवे-डावे उलटले. चूक शिट्टीची नाही, तिची. खोक्यांवर काही लिहायला हवे होते आणि माणसांकडे बघायला हवे होते.

सभागृहात शांतता पसरली. ती रिकाम्या सभागृहाच्या शांततेसारखी मुळीच नव्हती.

“म्हणजे,” ग्रंथपाल सावकाश उठून म्हणाले, “मी दुसऱ्या फेरीला अत्यंत मनापासून जी पंचगिरी केली, ती निष्कारण?”

“उत्कृष्ट केलीत, सर,” धाकटी म्हणाली. “पण हो, निष्कारण.”

“मला वाटलं, अहंकार कमी करण्याचा हा काही प्रयोग आहे.”

“झाला का कमी?” मागून कोणीतरी विचारले, आणि हशा पिकला. त्या हशाने धाकटीला खुर्चीवरून उतरण्याइतके बळ आले.

मॅडम हसल्या नाहीत. “संध्याकाळी बॅडमिंटनवाले येणार. तोवर सभागृह तुझं,” त्या म्हणाल्या. “आता दाखव.”

मग धाकटीने जे केले ते आराखड्यात नव्हते. खोके तिने खाली ठेवले. तीन टेबले जिंकलेल्यांना दिली आणि बाकापाशी जाऊन एकेकाला हाताने उठवले: तुम्ही ग्रंथपाल सरांशी, तुम्ही यांच्याशी, आणि बाई, पिशवी द्या इकडे, तुमची दुसरी फेरी बाकी आहे. रोखपाल बाईंनी पिशवी दिली. चौथे टेबल तिने ज्याला खेळायचे असेल त्याला मोकळे सोडले. पण तिथे बाबा होते. बॅट त्यांनी टेबलावर ठेवली होती, नीट, चष्मा घडी करून ठेवतात तशी.

“म्हणजे ते शास्त्र नव्हतं?” त्यांनी विचारले.

“नव्हतं, बाबा.”

“मी तुझ्या आईला फोन केलाय.”

“माहीत आहे.”

“थोरलीलाही केलाय.”

यावर मात्र धाकटीने डोळे मिटले.

बाबा भिंतीकडे पाहू लागले. “मग मी सकाळीच बाद झालो होतो.”

“नियमाप्रमाणे, हो.”

“आणि नियमाबाहेर?”

धाकटीने टेबलाच्या पलीकडे पाहिले. रसायनवाले सर बॅटीने स्वतःच्या गुडघ्यावर ताल धरून उभे होते. घरी जावे असे त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. “नियमाबाहेर तुमचा सामना अर्धा राहिलाय,” ती म्हणाली.

“अहो, या की,” सर म्हणाले. “मी पुढे आहे, तोवर संपवू.”

“पुढे? तुम्ही?” बाबांनी बॅट उचलली. “मोजायला शिकवत नाहीत का तुमच्या रसायनात?”

खरी स्पर्धा मग तीन टेबलांवर रीतसर चालली. ग्रंथपाल अपेक्षेप्रमाणे जिंकत गेले. रोखपाल बाई त्यांच्याचकडून हरल्या आणि पंचाच्या जागी येऊन उभ्या राहताना धाकटीला म्हणाल्या, “आता कसं, हरल्यावर हरल्यासारखं वाटतंय.” त्यांच्या चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचे हसू होते, सकाळचे, उशिरा पोचलेले.

पण बघणारे एकेक करून सरकले ते चौथ्या टेबलाकडे. तिथे चेंडू जाळीत जात होता, छताला लागत होता, एकदा तर सरांच्या खिशात गेला आणि तो गुण कोणाचा, यावर दोन विद्वानांत आणि एका चष्मेवाल्यात मोठी चर्चा झाली. अखेर बाबा जिंकले. कसे, ते कोणालाच नीट सांगता आले नाही. बाबांनी दोन्ही हात वर केले, आणि मोठा असलेला बूट पायातून निसटला.

“थांबा,” सर धापा टाकत म्हणाले. “सकाळच्या नियमाने हरणारा पुढे जातो. म्हणजे अंतिम सामन्यात मी. तुम्ही बाद.”

“नियम बदललाय!”

“तो तिकडच्या टेबलांसाठी. इथे जुनाच.”

“सगळ्या दिवसात एकदा जिंकलो आणि तेव्हाच बाद?” बाबांनी लेकीला हाक मारली. “अगं ए व्यवस्थापक! निवाडा दे.”

“या टेबलावर व्यवस्थापन नाही,” धाकटी म्हणाली. “तुम्ही दोघं आपसांत बघा.” त्यांनी बघितले, म्हणजे पुन्हा सर्व्हिस केली.

मॅडमनी जाताना तिला बाजूला घेतले. “पहिल्या अर्ध्याचं शून्य. दुसऱ्या अर्ध्याचे पूर्ण.”

“म्हणजे पास, मॅडम?”

“काठावर. काठावरून चालणारा माणूस खाली बघून चालतो, ते बरं असतं.”

बॅडमिंटनवाले आले, टेबले घडी होऊन भिंतीला गेली. बापलेक बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते आणि उजेड अजून पुरता गेला नव्हता. वस्तू दिसत होत्या, पण आपापल्या कडा सोडून. बाबांनी बूट परत केले होते. ते किंचित लंगडत होते आणि ते लपवण्यासाठी जरा जास्त ताठ चालत होते. धाकटी वाट पाहत होती. डोळे त्यांचे होते.

बाबा कोपऱ्यावरून वळले. मग म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस.”

“हं.”

“पण थोडं थांबून सांगितलं असतंस, तर मी फायनलला गेलो असतो.”

“बाबा, तुम्ही जिंकलात. त्या नियमाने नसतात गेला.”

“मग हरलो असतो. त्यात काय, सवय झाली होती.”

एक सायकलस्वार घंटी वाजवत गेला. धाकटीला आता राहवेना. “मग पुढच्या महिन्यापासून दुकानात येऊ का मी?”

बाबा थांबले. रस्त्याच्या मधोमध. त्यांनी तिच्याकडे पाहिले, भिंतीकडे नाही.

“दुकानात? तू?” ते म्हणाले. “उजव्या डोळ्याची काच डाव्याला बसवशील. गिऱ्हाईक दाराऐवजी खिडकीतून बाहेर जाईल. नको बाई. तू आपली शीक काय ते.”

“म्हणजे शेवटचं वर्ष...”

“म्हणजे दुकानात दुसरा माणूस बघायला लागणार. म्हणजे खर्च. म्हणजे तुझी आई मला बोलणार.” ते पुन्हा चालू लागले. “पण आज तुझं काम दिसलं. सकाळचं नव्हे. सकाळी तू खुर्चीत होतीस. दुपारी ती पिशवीवाली बाई तू माघारी आणलीस, तेव्हा. ती निघाली होती. मी बघत होतो.”

धाकटीने आपली पावले त्यांच्या लंगडण्याशी जुळवून घेतली. बोलायला गेली असती तर वाक्य लांब झाले असते.

“घरी थोरली दारातच उभी असेल,” ती मग म्हणाली. “हार घेऊन.”

“असू दे. मी सांगणार, जिंकलो. एक जिंकलो ना? मग.” बाबांनी हवेत मनगट फिरवले, थबकले आणि पुन्हा फिरवले. “हे बघ, शेवटचा फटका मी असा मारला. बघतेस ना? अगं, इकडे बघ. चेंडू इथून आला...”

आणि येणारे-जाणारे लोक त्या दोघांना वळसा घालून जात असताना, धाकटीने रस्त्याच्या कडेला उभे राहून, नसलेला चेंडू त्यांच्याकडे टाकला.